पांढरे गोटे

नवऱ्याने काल गार्डन सेंटरमधून पांढऱ्या गोट्यांची पिशवी आणली. त्यांच्यावर पाणी मारताच ओल्या दगडाचा थंड वास आला आणि इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या बागेतून मी थेट नॉर्दर्न आयर्लंडमधल्या त्या शेतात जाऊन उभी राहिले.

तिथे बायपासचं काम चालू होतं आणि मी साइट इंजिनिअर होते. खोदताना असेच पांढरे गोटे लागले, त्यांच्याखाली काडीसारखी हाडं. काम थांबलं. पुरातत्त्ववाले गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झाडू लागले. कुंपणापाशी शेजारची शेतकरीण, एक म्हातारी, येऊन उभी राहिली.

"बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं ती," ती म्हणाली. "चर्चच्या आवारात त्यांना जागा नसायची. मग बाप इथे आणून पुरायचा आणि वर पांढरा दगड ठेवायचा. या कोपऱ्यात कुणी नांगर घालत नाही."

"आमच्याकडेही तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात," मी म्हणाले.

माझ्या आधीचा भाऊ बारशाआधीच गेला होता, एवढंच मला ठाऊक होतं. संध्याकाळी आईला फोन केला.

"आई, त्याला कुठे पुरलं गं?"



"ओढ्याकाठी, बाभळीखाली. तुझ्या बाबांनी वर दगड ठेवला होता. आता तिथून हायवे गेलाय."

तेव्हा तिचा आवाज मला शांत वाटला होता. काल गोटे पसरता पसरता हात थांबला. लेक रस्ते बांधते, हे ती गावभर कौतुकाने सांगायची.