दिवेलागणीचा डोंगर

आधी क्षमा मागते. इंदूकाकींविषयी लिहिण्याचा अधिकार केतकीचा आहे, माझा नाही.

आणि नेमके हेच मला काकी होत्या तेव्हापासून सलते आहे.

काकींना जाऊन आज वर्ष झाले. अल्पसे आजारपण, आणि मग मुळशीहून त्यांच्या सुनेचा, सुनीतावहिनींचा, फोन.

ज्यांना त्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी : मुळशी धरणाच्या पाण्याकाठी काकींचे घर आहे. मुलाने मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि एक पडवी काढली. केतकी आणि मी नांदे येथे एका खोलीत राहायचो, हिंजवडीत नोकरी करायचो आणि सुट्टी मिळाली की त्या पडवीत जाऊन बसायचो.

समोर पाणी. पाण्यापलीकडे डोंगर. त्यांच्यामागे मावळणारा सूर्य.

बाकी काही नाही. त्या ‘काही नाही’साठीच आम्ही जायचो.

ती जागा मी शोधली होती. पहिल्यांदा एकटी गेले ती मी. केतकीला तिथे नेले तेही मीच.

पहिल्याच संध्याकाळी केतकी थेट चुलीपाशी गेली.

“काकी, चहा टाक ना गं. आलं जास्त घाल.”

अगं! टाक! मी अजून “अहो काकी, आपल्याला त्रास नसेल तर” इथपर्यंतच पोहोचले होते.

काकी रागावतील असे मला वाटले. खरे सांगायचे तर तशी आशा होती.

“आलं तितं कोपऱ्यात हाय. ऊठ अन् ठेच,” काकी म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ती ‘केते’ झाली.

मी अखेरपर्यंत ‘मास्तरीणबाई’.

“मास्तरीणबाई, दिवेलागणीला पुस्तकात तोंड खुपसून बसू न्हाई. सूर्व्या बघाय आलीस का परीक्षेला?”

शाळेत पहिला क्रमांक मी कधी सोडला नाही. काकींच्या घरात मात्र मी कायम दुसरी.

आता त्या संध्याकाळविषयी.

काकींच्या घराचे दार पूर्वेला आहे. तुळस दारासमोर. पाणी आणि सूर्यास्त घराच्या पाठीमागे. रोज सूर्य टेकला की आम्ही पाहुणे मागच्या पडवीत, आणि काकी निरांजन घेऊन पुढच्या अंगणात. जन्म त्या पाण्याकाठी गेला. पण ती वेळ तुळशीपाशी दिवा लावण्याची, म्हणून त्यांनी पडवीत बसून सूर्यास्त असा पाहिलाच नव्हता.

“लई हेवा वाटतो बायांनो तुमचा,” त्या एकदा चहाचे कप उचलताना म्हणाल्या. “हात रिकामं ठिवून बसाय येतंय तुमास्नी.”

मी ते वाक्य मनात जपून ठेवले. किती सुंदर बोलल्या, असे मला वाटले.

केतकी उठली.

“आण ते निरांजन इकडे. आज दिवा मी लावते. तू बस इथं.”

“तुज्याच्यानं व्हईल का? वात तरी वळाय येती का, केते?”

“नाही. तू वळून दिलीयस ना? मग झालं तर.”

काकी हसल्या, पदर आवरला आणि माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत टेकल्या. केतकी निरांजन घेऊन पुढच्या अंगणात गेली.

हे मला का सुचले नाही? ते वाक्य तर मी जपले होते!

आम्ही दोघींनी सूर्यास्त पाहिला. पाणी आधी पितळेसारखे झाले, मग राखाडी. काकींचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

“बरा हाय तुमचा सूर्व्या,” शेवटी त्या म्हणाल्या. “पर भसकन जातोय की. माजा डोंगर कसा सावकाश इझतो.”

मला काही कळले नाही. मी नम्रपणे मान हलवली.

थोड्या वेळाने केतकी परत आली ती गप्प होती. केतकी आणि गप्प! काकींनी तिच्याकडे पाहिले, ती काकींकडे पाहून हसली, आणि त्या दोघींमध्ये काहीतरी असे होते ज्यात मी नव्हते.

त्यानंतर प्रत्येक मुक्कामात दिवा केतकीनेच लावला. मला ती कधी विचारतही नसे. मी पडवीत काकींच्या शेजारी बसून जगातला सर्वांत सुंदर सूर्यास्त पाहायचे आणि जळायचे.

आज मी एकटीच आले आहे. केतकी बंगळुरूला बदलून गेली.

घरात वर्षश्राद्धाला आलेले नातेवाईक आहेत. दिवेलागण झाली तेव्हा सुनीतावहिनी भाकऱ्या थापत होत्या.

“ताई, माजं हात पिठाचं हायेत. एवढा दिवा लावता का?”

मी निरांजन घेऊन पुढच्या अंगणात गेले. सूर्याकडे पाठ करून दिवा ठेवला. हात जोडले. वर पाहिले.

समोर, पूर्वेला, काकींचा डोंगर.

खालची भातखाचरे केव्हाच काळवंडली होती. पण मागे बुडणाऱ्या सूर्याचे ऊन त्या डोंगरावर होते. ते तांबूस होत, हळूहळू, अंगावरून वर वर सरकत गेले. मग झाडी विझली. मग माथ्यावरचा एकच कातळ उरला. मग तोही विझला.

म्हणजे काकींचा सूर्यास्त कधी चुकलाच नव्हता. त्यांचा त्यांच्याजवळ होता.

मी तिथूनच केतकीला फोन लावला.

“तो डोंगर तू पाहिला होतास?”

“पहिल्याच दिवशी. निरांजन हातात देताना काकी हळूच म्हणाली होती, दिवा लावलास की वर बघ.”

“मग मला का नाही सांगितलंस?”



“काकी तुझ्या शेजारी बसायची ना,” ती म्हणाली. “दिवा लावून मी येईपर्यंत तुम्ही दोघीच. रोज. मला वाटायचं, काहीतरी माझंही असू दे.”

मग आम्ही दोघी फोनवर रडलो.

इतके बरे मला वर्षभरात वाटले नव्हते.

काकी, उद्याही दिवा मीच लावणार आहे. वहिनींना सांगून ठेवले आहे. त्या पडवीत बसतील.

तुम्हाला आणि तुमच्या डोंगराला मास्तरीणबाईचा नमस्कार.

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६
सायंकाळी ७ वाजून २० मिनिटे