हळदीचा निम्मा कुकर

आमच्या कुकरची मला पहिल्यापासूनच धास्ती. कुकर म्हणजे घरातला नव्हे, शेतात हळद शिजवायचा. खाली भट्टी, वर पाण्याची बंद टाकी, आणि टाकीतली वाफ नळीनं शेजारच्या हळदीच्या ड्रमात. मालकांनी आणि धाकट्या दिरांनी तो भागीत घेतलेला, निम्मा-निम्मा. वाटणीत विहीर दिरांकडं गेली, बाभळी आमच्याकडं आल्या. म्हणून कामही तसंच वाटलेलं: पाणी त्यांचं, जाळ आमचा.

यंदा दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघा भावांची बोलचाल बंद झाली. हळद तर काढून पडलेली, ती काय भांडण मिटायची वाट बघते? सकाळी मालकांनी भट्टी पेटवली. बराच वेळ झाला तरी ड्रमात वाफ येईना. वर करपट वास सुटला.

"टाकीत पाणी हाय का, इचारलं का तुमी?"

"त्याचा हिस्सा हाय, तो बघंल. मी काहून इचारू?" म्हणत मालकांनी आणखी एक ओंडका आत सारला.

काय बोलावं या माणसाला! मी तशीच विहिरीकडं पळाले. दीर मोटारीपाशी तंबाखू मळत बसलेले.

"भाऊजी, टाकी भरली का?"

"लाईट कुठाय, वैनी? मोटारच चालू न्हाई."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"त्याला तोंड न्हाई का इचारायला?"

"अवो, तिकडं जाळ लावलाय त्यांनी! कुकर फुटला तर तुमचा निम्मा तेवढा राहील का?"

त्यांचा चेहराच उतरला. तंबाखू टाकून ते माझ्याही पुढं धावत सुटले. बघते तर मालकांना आता वास आलेला, आणि ते पिण्याच्या पाण्याची बादली घेऊन टाकीचं झाकण उघडायला निघालेले. तापून लाल झालेल्या टाकीत गार पाणी! एकदम वाफ होऊन टाकी फुटलीच असती.

"दादा, पाणी नको! जाळ काढ, जाळ!" दीर ओरडले.

दोघांनी मिळून पेटते ओंडके बाहेर ओढले. दिरांचा हात भाजला. मी तीच बादली त्यांच्या हातावर ओतली.

धुऱ्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण भट्टी लावायच्या आधी मालक विहिरीकडं तोंड करून ओरडतात, "पाणी?" तिकडून येतं, "भरलं, दादा." दोघांचं तेवढंच बोलणं. ते 'भरलं' माझ्या कानांनी ऐकेपर्यंत काडेपेटी माझ्या पदराच्या गाठीत असते.