सुनेनं टांगलेलं शिंकं

मैत्रिणींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही माझा.

सुनेनं आमचं एवढंसं स्वयंपाकघर सजवलं. भिंतीवर गोधडी, खिडकीत बोळकी, ओट्याच्या वर शिंकं. "या सजावटीला बोहो स्टाईल म्हणतात, आई!" छान दिसतंय हो. पण शिंक्यातलं गाडगं रिकामं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात काष्टी गावात माझ्या माहेरी असंच गाडगं टांगलेलं असायचं. भूक भूक केलं की आई वर बोट दाखवायची, "हाय त्यात भाकर. सांजच्याला देते." आम्ही गप खेळायला जायचो.

एकदा मी डब्यावर चढून पाहिलं. आत काहीच नव्हतं. खालून धाकटीनं विचारलं, "हाय का गं?"

मी म्हटलं, "व्हय."

आत्ताच उठून सुनेच्या गाडग्यात भाकरी ठेवून आले. ती विचारतेय, "शोभेच्या गाडग्यात भाकरी कशाला, आई?"

काय सांगू हो तिला?