खिडकी नंबर सातची बातमी

आमच्या साइटवर आता प्रत्येक बातमीच्या डोक्यावर लाल, जाड अक्षरांत लिहिलेलं असतं की ही बातमी खोटी आहे. तरी रोज कुणीतरी फोन करतं आणि विचारतं, "ते ठीक आहे हो, पण कागदपत्रं कुठली आणायची?" मी आधी समजावून सांगायचे. आता हात टेकलेत. फोन ठेवून देते.

ही साइट ज्याने काढली त्याला आम्ही 'खात्री' म्हणतो. पेपरात असतानाच त्याला हे नाव पडलं. मी तिथे डेस्कवर होते, तो वार्ताहर. पान लावून तयार, खालून छपाईवाला शिव्या घालतोय, आणि हा फोनला चिकटलेला. "थांब गं, अजून एकाकडून खात्री करून घेतो." दोन माणसांनी वेगवेगळं येऊन तेच सांगितल्याशिवाय हा एक ओळ द्यायचा नाही. माझ्या डोक्याला किती ताप झाला त्याचा, पण त्याच्या बातमीचा खुलासा छापायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

त्याची सगळ्यात चांगली बातमी सरकारी दवाखान्यातल्या बंद लिफ्टची. पेशंटना खुर्चीत बसवून नातेवाईक जिने चढायचे. हा त्यांच्याबरोबर चढला, उतरला, लिफ्टमनशी बोलला, इंजिनिअरशी बोलला, आणि महिनाभर खपून बातमी दिली. ती आली पाचव्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीखाली. कुणी हूं की चूं केलं नाही. लिफ्ट तर नाहीच हलली.

एका माणसाने मात्र ती वाचली. त्याच्या वडिलांनी. काका बस डेपोत टाइमकीपर होते, आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या. पेपर काखेत मारून सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरले. शेजारच्या रिटायर्ड टेलरने शंका काढली, "इतकी वर्षं लिफ्ट बंद कशी असेल हो?" काका म्हणाले, "माझ्या पोराने लिहिलंय म्हणजे असणारच."

मग पेपर बंद पडला. मालकाला इमारत विकायची होती, त्यात आम्ही आड येत होतो. खात्री सहा-सात महिने घरी बसून होता. एक दिवस वैतागून त्याने फोनवरच टाइप केलं: 'दवाखान्यातील लिफ्टची अखंड विश्रांतीची पाच वर्षे पूर्ण, उद्या हृद्य सत्कार.' खाली अधिकाऱ्याच्या तोंडी वाक्य घातलं, 'या लिफ्टने आजवर एकही अपघात केलेला नाही.' दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं. मला चार माणसांनी पाठवलं, त्यातली दोन पेपरातलीच. महिनाभर जिने चढून जे जमलं नाही ते चहा निवायच्या आत झालं. मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. त्यालाही तसंच झालं असणार, कारण तो फोनवर नुसता "बघ आता" एवढंच म्हणाला.

साइटचं नाव आम्ही 'खात्रीलायक' ठेवलं. टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या, मी डेस्कवर, त्याचा मेव्हणा जाहिराती बघायला. बघता बघता धंदा लागला. ज्या गादीवाल्यांनी त्याची बातमी दाबली होती तेच आता त्याच्यासाठी रांगेत उभे.

अडचण एकच होती. खात्रीला थट्टासुद्धा बातमीसारखीच लिहिता यायची. वार, वेळ, खिडकीचा नंबर, अधिकाऱ्याचं वाक्य, सगळं जागच्या जागी. सवय जाते कुठे? मी म्हणायचे, वर 'विनोद' असं लिही. मेव्हणा म्हणायचा, "ताई, आधीच सांगितलं तर हसणार कोण?" शेवटी अगदी तळाला, मुंगीच्या आकाराची एक ओळ टाकायचं ठरलं. मी भांडले आणि हरले.

आणि काकांना कुणी सांगितलंच नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की पोराने स्वतःचा पेपर काढलाय, तो फोनवर येतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे सून वाचून दाखवायची. वहिनी हुशार, जे फारच अचाट असेल ते गाळायची, उरलेलं गंभीर आवाजात वाचायची. मी एकदा तिला म्हटलं, सांगून टाका ना. ती म्हणाली, "तुम्ही सांगा. त्यांना दिवसभरात तेवढंच एक आहे." मीही नाही सांगितलं. काका मुलाला विचारायचे, "नव्या कामातही दोघांना विचारतोस ना?" हा मान खाली घालून जेवता जेवता "हो" म्हणायचा.

काकांच्या ऑपरेशनची तारीख सरकारी दवाखान्याने चौथ्यांदा पुढे ढकलली. खात्रीने खाजगीत करू म्हणून परोपरीने सांगितलं. काका ऐकेनात. "नंबर लागलाय आपला. मध्येच कसा सोडायचा?" त्या दिवशी खात्री ऑफिसात आला तो धुमसतच. बसल्या बैठकीला त्याने बातमी लिहिली. ज्यांची तारीख तीनपेक्षा जास्त वेळा पुढे गेली त्यांना येत्या गुरुवारी थेट दाखल करून घेणार. खिडकी नंबर सात. मात्र जे पेशंट खिडकीवरचा बोर्ड वाचू शकतील त्यांना ऑपरेशनची गरज नाही, असे समजण्यात येईल. आम्ही पोट धरून हसलो. मीसुद्धा. ती मीच वाचून पुढे सोडली.

वहिनी त्या आठवड्यात माहेरी गेली होती. काकांना बातमी वाचून दाखवली टेलरने. त्याने बोर्डाची अटही वाचली. काका म्हणे खूश झाले, नियम अगदी रास्त आहे म्हणाले. तळाची ओळ टेलरच्या चष्म्याला दिसली नाही.

गुरुवारी सकाळी टेलरचा फोन आला. "काका फाइल घेऊन गेलेत दवाखान्यात. तुम्हाला सरप्राइज द्यायचं म्हणत होते." आम्ही टॅक्सी केली. वाटेत तो ड्रायव्हरला "जरा लवकर" म्हणत राहिला. रस्ता काही लवकर सरत नव्हता.

सात नंबरची खिडकी बंद होती. तिच्यासमोर पार दारापर्यंत रांग. कुणाच्या डोळ्यावर हिरवा पडदा, कुणी नातवाच्या खांद्याला धरून. सगळ्यात पुढे काका, इस्त्रीचा शर्ट, छातीशी फाइल. वॉचमन त्यांना सांगत होता की असं काही नाही, घरी जा. काका शांतपणे म्हणत होते, "तुला कळवलं नसेल. बातमी आलीय."

खात्री त्यांच्या कानाशी लागला. "बाबा, घरी चला."

काकांनी आवाज ओळखला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी दुसरीकडे बघितलं. "आलास? बरं झालं. हा ऐकतच नाही. सांग त्याला. मोठ्याने सांग, सगळ्यांना कळू दे."

मग याने मोठ्याने सांगितलं. बातमी खोटी आहे, ती मीच लिहिलीय, गंमत म्हणून लिहिलीय, कृपा करून घरी जा.

रांग जागची हलली नाही. एक बाई म्हणाली, "म्हणजे आम्ही जायचं आणि तुम्ही म्हाताऱ्याला आत घालायचं." एकाने फोन याच्या नाकासमोर धरला. "हे काय मग? साहेबांचं वाक्यसुद्धा छापलंय." खात्री म्हणाला, "ते वाक्य मीच लिहिलंय." लोक हसले. "मोठा आला लिहिणारा." मी पुढे होऊन तेच सांगितलं, तर मलाही हसले. त्याने पुन्हा सांगितलं, मग हात जोडून सांगितलं. मागून दोघे आणखी येऊन रांगेला लागले.

काकांनी मुलाच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "साहेब कोण बोलले होते?"

"कुणी नाही, बाबा."

"कुणालाच विचारलं नव्हतंस?"

"नाही."

काकांनी फाइलची नाडी बांधली. मागच्या बाईला म्हणाले, "तुम्ही या पुढे." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तो नाही म्हणतोय म्हणजे नाही. माझा पोरगा आहे, मला माहितीय." आणि भिंतीला हात लावत दाराकडे निघाले. त्या एवढ्या रांगेत खात्रीवर विश्वास ठेवणारा माणूस एकच होता, आणि तो नंबर सोडून चालला होता.

टॅक्सीत काका मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. दवाखाना मागे पडल्यावर काकांनी विचारलं, "वहिनी वाचायची ते सगळं असंच?"

'वहिनी' म्हणाले, माझा शब्द वापरून, म्हणजे मलाच विचारत होते. मी "हो" म्हटलं.

"आणि ती लिफ्टची?"

"ती खरी होती, बाबा," खात्री म्हणाला. "तिघांना विचारलं होतं. मी स्वतः जिने चढलो होतो त्यांच्याबरोबर. बाबा, ती खरी होती."

काकांनी मांडीवरची फाइल सरळ केली.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतोस तर असेल."