चौथ्या माळ्याचा स्लॅब

गेली काही वर्षं दर शनिवारी मी मुलुंडला एका खिडकीची काच पुसायला जातो. काच माझी नाही, खिडकीही माझी नाही. ती काकूंची. काकू म्हणजे आमच्या जुन्या बिल्डिंगसमोर, गल्लीच्या पलीकडे, चौथ्या माळ्यावर राहणारी आईची मैत्रीण. त्यांच्या खिडकीच्या ग्रिलला आतून माझा एक जुना कॅमेरा बांधलेला आहे. त्याचं तोंड आमची बिल्डिंग जिथे होती आणि पुन्हा व्हायची आहे, त्या जागेकडे. कॅमेऱ्याला वायरने एक छोटा टायमर लटकवलाय. दर दहा मिनिटांनी तो कॅमेऱ्याला जागं करतो आणि कॅमेरा एक फोटो काढून पुन्हा झोपतो. शनिवारी मी कार्ड बदलतो, पॉवर बँक तपासतो, काच पुसतो. रविवारी ते सगळे फोटो एकापाठोपाठ एक पळवले की आठवड्याभराचं बांधकाम अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं.

माझा धंदाच हा आहे. कुणाचं ऑफिस उभं राहतं, कुणाचा कारखाना, मी ते भराभर उभं राहताना दाखवतो. बघणारे "झकास!" म्हणतात. मला आता त्यातलं काही झकास वाटत नाही. काच पुसणं, बॅटऱ्या, कार्डं आणि वाट बघणं, एवढंच त्यात असतं.

पण मुलुंडचा कॅमेरा धंद्याचा नाही. तो बाबांचा आहे.

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बिल्डिंग पाडून नवीन बांधायची ठरली तेव्हा दारोदार फिरून, चहा पिऊन, भांडून त्यांनीच सगळ्यांना तयार केलं. शेवटपर्यंत अडून बसली ती त्यांच्याच घरातली बाई. आई म्हणाली, "माझा ओटा माझ्या उंचीचा आहे. नवीन ओट्यापाशी काय स्टूल घेऊन उभी राहू?"

बाबा घरात मालवणीच बोलतात. म्हणाले, "ओटो तुझ्या उंचीचो करून देतलंय. तुका थंय नेऊन उभी करतलंय, मगे बोल."

मग आम्ही नाहूरला भाड्याच्या जागेत आलो. बिल्डिंग पडली, खड्डा खणला गेला, आणि काम थांबलं. कुठली तरी परवानगी अडकली होती. ती कुठली, हे विचारायला बाबा कितीदा तरी गेले आणि दर वेळी वेगळं उत्तर घेऊन आले. गल्लीत गेलं की जुने शेजारी भेटायचे. "काय सेक्रेटरी, कधी?" एवढंच विचारायचे, तेही हसून. पण बाबांचं जाणं हळूहळू कमी झालं आणि एक दिवस बंदच झालं.

आई नाहूरलाच आजारी पडून गेली. भाड्याच्या घरात खिळा मारायचा नाही अशी मालकाची अट, म्हणून तिचा फोटो फ्रिजवर टेकवून ठेवलाय. फ्रिज सुरू झाला की तो थरथरतो. मी एकदा चिकटवायचा हुक आणला, तर बाबा म्हणाले, "नको. थंय गेल्यावर लावया." थंय म्हणजे मुलुंडला. तेराव्यानंतर एका संध्याकाळी ते फोटोकडे न बघता म्हणाले, "हिका मीच काढली थंयसून."

पुढे काम पुन्हा सुरू होणार असं कळलं तेव्हा त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "माझ्यान काय थंय जावचा नाय. तू कॅमेरो लाव." मी म्हटलं, मी जाऊन फोटो काढून आणत जाईन, सोपं पडेल. त्यावर मान हलवून म्हणाले, "झालेला कोणय दाखयत. होताना दाखव." नव्या बिल्डिंगीत आमचं घर चौथ्या माळ्यावर. तो एक स्लॅब ओतताना बघितला की झालं, मग डोळे मिटायला मोकळा, असं ते एरवी चेष्टेत म्हणायचे. मला त्यात चेष्टा दिसायची नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवतो. ते चष्मा पुसून बघतात. अर्धं मिनिट संपतं आणि ते म्हणतात, "मगे?" म्हणजे पुढे काय. पुढे काही नसतं. पुढचा रविवार असतो.

मध्ये काम आणखी एकदा रखडलं. त्या महिन्यांत सळया गंजताना दिसायच्या, उजेड यायचा आणि जायचा. खड्ड्याच्या कडेला एक पिंपळ उगवला होता, तो तेवढा जोमात वाढत होता. बाबा तो बघायचे आणि म्हणायचे, "ह्येका बरी परवानगी गावली." मी हसायचो. पण शनिवारी गल्लीत शिरताना पाय जड व्हायचे. ज्या ठिकाणी काहीच होत नाही त्या ठिकाणचे दर दहा मिनिटांनी फोटो काढून ते बापाला दाखवायचे, याचा मला कंटाळा आला होता. बापाची आशा जिवंत ठेवण्याचाही माणसाला शीण येतो. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकायला ते बरं वाटत नाही.

मग एकदाचं काम मार्गी लागलं. यंदा पावसाळा संपता संपता तिसरा माळा झाला. साइटवरचा इंजिनियर मला म्हणाला, "तुमचा स्लॅब दसरा झाला की दोन दिवसांनी." मी बाबांना सांगितलं. त्यांनी संध्याकाळी स्वतःहून दाढी केली.

दसऱ्याच्या दिवशी मी अंधेरीला एमआयडीसीत होतो. एका कारखान्यात मशीनची पूजा होती, तिचे फोटो काढायचे होते. प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, पुढे नारळ. सगळी मशीनं बंद. दमून घरी आलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"हे बघ, आधी ऐक, मग ओरड," त्या म्हणाल्या. "काल तुझ्या कॅमेऱ्याची पूजा केली मी."

"बरं केलंत."

"खिडकीतून काढून देव्हाऱ्यापाशी पाटावर ठेवला होता. शिलाई मशीन, कात्री, नातवाचा लॅपटॉप, सगळ्यांबरोबर. आज पूजा उतरवली आणि परत बांधला. थोडा वाकडा बसलाय बहुतेक."

"काकू, म्हणजे काल दिवसभर तो खिडकीत नव्हता?"

"दसऱ्याला पुजलेलं हत्यार चालवतात का रे? दिवसभर राबतं बिचारं, एक दिवस त्यालाही सुट्टी नको?" मग म्हणाल्या, "आणि काल तुमचा स्लॅब भरला. त्या कंत्राटदाराला दसऱ्याचा मुहूर्त साधायचा होता."

माझी वाटच लागली. मी ओरडलो. म्हटलं, कंत्राटदाराच्या माणसांनी काँक्रीटच्या मिक्सरला हार घालून तो चालवलाच ना? मग माझ्याच कॅमेऱ्याला कसली सुट्टी?

"त्यांचं त्यांच्यापाशी," काकू म्हणाल्या. "माझ्या घरात मी कात्रीसुद्धा चालवत नाही. तुझा कॅमेरा काय माझा जावई लागून गेलाय, त्याला वेगळा नियम?"

आदल्याच दिवशी मी तेच बघून आलो होतो, हार घातलेली, गप्प बसलेली मशीनं. काकूंच्या जागी आई असती तर तिनेही हेच केलं असतं, वर एक पेढाही ठेवला असता. तरी माझा राग जाईना. इतके शनिवार, इतकी पुसलेली काच, आणि ज्या एका दिवसासाठी हे सगळं केलं तोच दिवस देव्हाऱ्यापुढे गेला.

मी संध्याकाळी जाऊन कार्ड काढून आणलं. काकूंनी आपट्याची पानं हातात दिली आणि "बाबांना काही बोलू नकोस हां," एवढंच म्हणाल्या. समोर चौथ्या माळ्याचा स्लॅब होता. झालेला. वर पाणी मारत होते.

घरी येऊन मी बाबांना सरळ सांगून टाकलं. कॅमेरा खिडकीत नव्हता, स्लॅब काल भरला, आपल्याकडे त्याचा एकही फोटो नाही. मला वाटलं, ते चिडतील. चिडावेत असंच वाटत होतं. पण ते म्हणाले, "जाव दे रे. एक दिवस गेलो तर गेलो. दमलंस तू, जेव."

त्या एका वाक्याने मला जितकं वाईट वाटलं तितकं आईच्या आजारपणात डॉक्टरांच्या बोलण्याने वाटलं नव्हतं. मला वाटलं, यांनी आता सोडून दिलं. इतकी वर्षं "होताना दाखव" म्हणणारा माणूस "जाव दे" म्हणतो म्हणजे त्याच्यात काही उरलं नाही. मी जेवलो नाही. आतल्या खोलीत जाऊन बसलो. किती गेलं ते तरी मोजावं, म्हणून कार्ड लॅपटॉपला लावलं.

सकाळपर्यंतचे फोटो नेहमीचे होते, तिसरा माळा आणि त्यावर उभ्या सळया. मग एका फोटोत काकूंचा पदर. आणि त्यानंतर फोटो संपायला हवे होते, ते संपले नव्हते.

काकूंनी कॅमेरा नुसता उचलून पाटावर ठेवला होता, टायमर आणि पॉवर बँकेसकट. बंद कसा करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. दिवा लागत नाही म्हणजे बंदच आहे, असं त्यांनी धरलं असणार. ज्याला सुट्टी दिली होती तो बिचारा हार घालून दर दहा मिनिटांनी काम करतच होता.

पाटावरून त्याला काकूंची खोली दिसत होती. कडेला झेंडूची एक पाकळी, खाली समईची ज्योत, आणि समोर तीच खिडकी. दोनचार फोटोंत काकूंची ये-जा. मग खिडकीपाशी कोणी तरी खुर्ची ठेवली. मग खुर्चीवर एक माणूस आला, पाठमोरा, पांढरा हाफ शर्ट घातलेला. शर्टावर घडीच्या रेघा होत्या. तो शर्ट मी मागच्या दिवाळीला आणला होता आणि "कशाक होयो?" म्हणून तो कपाटात पडून होता.

मी पुढचा फोटो बघितला. पुढचा. बाबा बसलेत. बाबा उभे आहेत, हात ग्रिलवर. काकू चहा देतायत. बाबांचा चहा तसाच खिडकीत. बाहेर उन्हात माणसं पाट्या घेऊन वाकलेली अंधूक दिसतात. बाबा पुन्हा उभे. इतकी वर्षं ज्या गल्लीत पाय ठेवला नाही तिथे ते एकटे, रिक्षा करून गेले होते. मला न सांगता. काकूंनी बोलावलं असणार, आणि सांगू नको म्हणून त्यांनीच काकूंना गप्प केलं असणार.

खिडकीच्या पट्टीवर, चहाच्या शेजारी, काहीतरी चौकोनी उभं होतं. सगळ्या फोटोंत होतं. आधी मला वाटलं ताट आहे, मग वाटलं, दुपारचं ऊन लागू नये म्हणून पुठ्ठा लावलाय. आपल्याला त्याची मागची बाजू दिसत होती, तपकिरी, वर अडकवायला दोरी. एका फोटोत बाबांनी तो चौकोन दोन्ही हातांनी उचलून ग्रिलला अगदी टेकवून धरला होता. पुढच्या फोटोत ते तो शर्टाच्या टोकाने पुसत होते, आणि तेव्हा मला कळलं. तो फ्रिजवरचा फोटो होता.

तो पुठ्ठा नव्हता, आई होती. तिचं तोंड त्यांनी बाहेर करून ठेवलं होतं.

मी बराच वेळ रडलो. मग उठून स्वयंपाकघरात गेलो, तर ती फ्रिजवर नेहमीसारखी होती. पुढे आपट्याचं एक पान होतं. ते मला आदल्या रात्री दिसलं नव्हतं.

रविवारी मी फिल्म लावली. तिसरा माळा झाला, मग पांढरा शर्ट खिडकीशी बसला, उठला, बसला, मग चौथा माळा दिसला. त्यांचा अख्खा दिवस दोन क्षणांत गेला. मी त्यांच्याकडे न बघता लॅपटॉपकडेच बघत राहिलो. "मगे?" आलं नाही.

ते म्हणाले, "परत लाव."

मी परत लावली. ते स्क्रीनजवळ वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तिचा तोंड दिसणा नाय ह्येच्यात."

"बाहेर होतं ना, बाबा."

"होय," ते म्हणाले. "भायरच बघत होती ती."