शिक्केमामांची शाबासकी

कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारायचं काम, म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं शिक्केमामा. माणूस तोंडाचा फटकळ. पुस्तक एक दिवस उशिरा आलं, की "मेल्या, घड्याळ गहाण टाकलंस का?" म्हणून चारचौघांत फैलावर घ्यायचे.

रीत साधी. एक पुस्तक नेलं की विद्यार्थ्याचं एक कार्ड मामांच्या लाकडी पेटीत, पुस्तक आलं की कार्ड परत. "कार्ड माझ्याकडे आहे तोवर जाशील कुठं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी परीक्षेला वीस दिवस असताना एका मुलानं नेलेली तिन्ही पुस्तकं आणून ठेवली. बाकीची पोरं पुस्तकांवर तुटून पडलेली, आणि हा परत देतोय! मामांना खटकायला नको? अहो, नाहीच खटकलं. उलट रांगेकडे बघून ओरडले, "शिका जरा याच्याकडून!" पोरगा कसनुसं हसला, कार्डं खिशात टाकून गेला. तिसऱ्या दिवशी कळलं, त्यानं जीव दिला.

मामांच्या घशाखाली घास उतरेना. बायको म्हणाली, "तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं?"

"स्वप्न कशाला पडायला हवं होतं? पुस्तकं समोर होती ना."

'मेल्या' हा शब्द त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच.

यंदा परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. तीन पुस्तकं ठेवून म्हणाली, "कार्डं द्या, मामा."

मामांनी पेटी उघडलीच नाही. "आणि अभ्यास?"

"झालाय."

"पोरी, खरं सांग. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?"

विचारलं आणि मामांनाच वाटलं, भलतंच विचारलं असेल तर? पण मुलगी रागावली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मामांनी पुस्तकं द्यायची-घ्यायची खिडकी भरदुपारी बंद केली. तिला जिन्याखालच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे नेलं आणि स्वतः बाहेर स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळी तिची आई आली. निघताना मामांनी एक पुस्तक मुलीच्या हातात कोंबलं, आठ दिवसांनंतरच्या तारखेचा शिक्का मारून. "हे तूच आणून द्यायचं. कार्ड माझ्याकडे आहे."

आठ दिवस गेले. महिना गेला. परीक्षा झाली, तिची जागा रिकामीच राहिली. बाईंना विचारायला मामा दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि माघारी फिरले. रोज सकाळी पेटी उघडायची, कार्ड बघायचं. कार्ड होतं, पण कार्डाचं काय घेऊन बसलात!

सुट्टी संपली आणि एक दिवस ती रांगेत उभी दिसली. चेहरा उतरलेला, आई दाराशी थांबलेली. तिनं पुस्तक पुढे केलं.

"फार उशीर झाला, मामा."

आता मामा फाडून खाणार म्हणून रांगेतली पोरं माना उंचावून बघू लागली. मामांनी शिक्का उचलला, पण डोळ्यांत पाणी आल्यानं त्यांना तारीख दिसेना.

"होऊ दे गं उशीर," ते म्हणाले. "एक वेळेच्या आधी आला होता. त्याला मी शाबासकी दिली."