राक्षसांचा तक्ता आणि बापूची चंद्रा

१९८६ सालच्या दिवाळी पाडव्याला सकाळी, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या माजघरात एक सजवलेली म्हैस शिरली. तिच्या पुढे एक फटफटी होती आणि फटफटीवर मी होतो. जीवितहानी झाली नाही. फराळाचे एक ताट, पाण्याची घागर आणि माझ्या मेव्हण्यांचा नवा रेशमी सदरा यांचे नुकसान झाले.

या प्रकाराची बरीच कारणे पेठेत सांगितली गेली. (मी प्यालो होतो, हे त्यातले सर्वांत सौम्य.) खरे कारण एवढेच की मला एका राक्षसाचा वेग हवा होता.

माझी थोरली बहीण, अक्का, पुण्याला कॉलेजात गणित शिकवत असे. त्या दिवाळीला ती माहेरी आली ती एक खोका घेऊन. परदेशी गेलेल्या मैत्रिणीने तिला एक खेळ पाठवला होता. त्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले योद्धे व्हायचे, भुयारात उतरायचे, आणि समोर राक्षस आला की फासे टाकून त्याच्याशी लढायचे. फासे चार बाजूंचे, आठ बाजूंचे, थेट वीस बाजूंचेही होते. आईने वीस बाजूंचा फासा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढ्या बाजू कशाला? कुठल्याच बाजूला नीट बसायचा नाही," ती म्हणाली.

या खेळासाठी अक्काने एक भुयार रचले होते. पेपर तपासून झाले, सासूबाई झोपल्या, की ती त्यात एकेक खोली वाढवत असे. पण सासरी खेळायला कोणी नव्हते. तिचे यजमान, आमचे दाजी, बँकेत अधिकारी. "आकडे मी बँकेत पाहतो, घरी पाहत नाही," असे ते म्हणत आणि वर्तमानपत्र उघडत. त्यामुळे भुयार तयार होते, आणि त्यात अजून कोणीही पाऊल टाकले नव्हते. भाऊबीज आटोपली की दोघे पुण्याला परतणार. म्हणजे खेळ व्हायचा तर पाडव्याच्या संध्याकाळी, नाहीतर नाहीच.

अडचण एक होती. राक्षसांची पुस्तिका खोक्यात आलीच नव्हती. या खेळात प्रत्येक राक्षसाचे आकडे लागतात. जीव किती, म्हणजे किती मार खाल्ल्यावर मरतो. कातडे किती जाड. चाल किती. आणि धीर किती, म्हणजे किती मार बसला की पळून जातो.

"राक्षस आपलेच घेऊ," अक्का म्हणाली. "मुंज्या, हडळ, वेताळ, आणि शेवटी रेडेराक्षस. सुऱ्या, तू पेपरात आहेस ना? आकडे तू काढ."

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. तिथे मला एक गोष्ट शिकवली होती: दोन स्वतंत्र सूत्रांनी सांगितल्याशिवाय आकडा छापायचा नाही. मी न्यूजप्रिंटच्या मोठ्या कागदावर तक्ता आखला, रकाने पाडले आणि कामाला लागलो. पहिले सूत्र स्वयंपाकघरात चकल्या तळत होते.

"आई, मुंज्याचा जीव किती?"

"त्याचा कसला जीव? तो मेलेलाच असतो की!"

मी अक्काला विचारले, शून्य लिहू का? ती म्हणाली, पाच लिही. मी म्हणालो, पाच कोण म्हणालं? ती म्हणाली, मी म्हणाले. मी रकाना कोरा ठेवला.

दुसरे सूत्र शेजारी राहत होते. आबा वस्ताद, तालमीचे. कोण कोणाला भारी पडेल हे नुसत्या नजरेने सांगणारा माणूस. पेठेतल्या कुस्त्यांच्या जोड्या तेच लावत. वेताळाची ताकद विचारायला याहून योग्य माणूस नव्हता.

"कुठल्या तालमीचा?" आबांनी विचारले.

"तालमीचा नाही आबा. स्मशानातला."

"वजन?"

"तेच तर विचारायला आलोय."

"बघितल्याबिगर जोड लावत न्हाय मी. आणा त्याला तालमीच्या हौद्यात, मातीवर."

"वेताळाला?"

"मग? लंगोट लावून उभा ऱ्हाऊ दे समोर. मांडी बघितली की सांगतो."

मी हडळीकडे वळलो. आबांचा चेहरा कठोर झाला. "बाईमाणसाची जोड लावायला सांगतोस? दिवाळीच्या दिवसात? तुझ्या बापाला वर काय वाटत आसंल?"

पाडव्याची सकाळ उजाडली तेव्हा तक्ता सुंदर दिसत होता. सगळे रकाने सरळ होते आणि सगळे कोरे होते.

"अरे, हे सगळं खोटं आहे!" अक्का ओरडली. "खोट्या राक्षसाला खरा आकडा कुठून आणणार तू?"

"लिहायचं म्हटलं की खात्री लागते."

"मी उद्या चालले, सुऱ्या." एवढेच म्हणून ती औक्षणाची तयारी करायला आत गेली. ती पुन्हा ओरडली असती तर बरे झाले असते.

निदान एक तरी आकडा पक्का करायचा, असे मी ठरवले. वेताळ हाती लागत नव्हता. पण रेडेराक्षस म्हणजे शेवटी म्हशीच्याच जातीचा. आणि कोल्हापुरात पाडव्याला म्हशीचा वेग कळत नसेल तर कुठे कळणार? त्या दिवशी गवळी आपल्या म्हशी सजवतात, शिंगे रंगवतात, मोरपिसे बांधतात आणि दुपारी पळवतात. फटफटीचा सायलेन्सर काढायचा, आणि त्या आवाजामागे म्हैस जिवाच्या आकांताने धावते. वर्षभर तिला तेच शिकवलेले असते.

तालमीपलीकडच्या कोपऱ्यावर बापू गवळ्याचा दूधकट्टा होता. त्याची चंद्रा दुपारी पळणार होती. अंगावर पिवळे ठिपके, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर गोंडा. मी बापूला म्हणालो, तू तुझी फटफटी चालव, मी मागे बसून मीटर पाहतो.

"मागनं मीटर कसा दिसंल?" बापू म्हणाला. "तुमीच चालवा की. म्हशीला माणूस लागत न्हाय, आवाज लागतोय. तालमीपातूर जावा, वळा, माघारी या. फकस्त मधी थांबू नका."

"थांबलो तर?"

"आंगावर येती."

"रागानं?"

"न्हाय हो! मायेनं!"

मी किक मारली. आवाज असा झाला की कट्ट्यावर दूध पिणाऱ्यांनी पेले खाली ठेवले. चंद्राने मान वर केली आणि निघाली. मी वेग घेतला, खाली मीटरकडे पाहिले. काटा शून्यावर होता. आणखी वेग घेतला. काटा शून्यावरच.

"बापू! काटा हलत नाही!"

"त्यो गाडी घेतल्यापासनंच हलत न्हाय!" मागून, लांबून उत्तर आले.

म्हणजे आता आकडा मिळणार नव्हता. फक्त म्हैस होती. तालमीपाशी वळायचे होते. पण वळायच्या जागी, रस्त्याच्या बरोबर मध्ये, गल्लीतल्या मुलांनी मातीचा किल्ला केला होता. बुरूज, तटबंदी, वर मावळे, आणि दारात खरे पाणी भरलेला खंदक.

"ओ काका! किल्ला! किल्लाऽऽ!"

मी किल्ला वाचवला. (हे माझ्या बाजूने कोणीच सांगत नाही.) वळलो नाही, सरळ गेलो, आणि सरळ गेले की आमची गल्ली लागते, आणि आमच्या गल्लीला पुढे रस्ता नाही. समोर आमच्या घराचे उघडे दार होते. सायकली आत घेण्यासाठी उंबऱ्यावर फळी टाकलेली होती. मी विचार केला: घरात शिरावे. म्हैस काही घरात येणार नाही.

हा विचार ज्याने केला तो माणूस आयुष्यभर गवळ्यांच्या शेजारी राहिला होता. बापूचा गोठा बापूच्या घरातच आहे. सोप्यातून, म्हणजे बाहेरच्या खोलीतून, आत गेले की डाव्या हाताला चूल आणि उजव्या हाताला चंद्रा. उंबरा ओलांडून आत जायचे असते, हे तिला आमच्याइतकेच ठाऊक होते. ती फळीवरून, न अडखळता, आत आली.

माजघरात दाजी पाटावर बसले होते. समोर अक्का निरांजन घेऊन उभी. आधी मी आत शिरलो आणि फराळाच्या ताटावर थांबलो. गाडी बंद पडली. मग चंद्रा आली, आणि थांबलेल्या गाडीवर जी माया करायची असते ती तिने केली. माझ्या खांद्यावर मान टाकली. मी घागरीवर पडलो. तिने मग पुढे होऊन दाजींचा सदरा चाटला, गळ्यापासून बाहीपर्यंत. बहुधा उटण्याचा वास आला असावा.

अक्काच्या हातातले निरांजन मात्र विझले नव्हते.

"ओवाळ तिला पण," आई म्हणाली.

"आई!"

"आज पाडवा आहे. दारात आलेल्या म्हशीला न ओवाळता पाठवायचं नाही."

"दारात नाही, आई," दाजी पाटावरून म्हणाले. "ही माझ्या मांडीवर आली आहे."

अक्काने म्हशीला ओवाळले. चंद्राने कुंकू लावून घेतले, सांडलेला चिवडा खाल्ला, मग स्टुलावरचा माझा तक्ता खाल्ला, रकान्यांसकट, आणि माजघराच्या मधोमध बसली.

बापू धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "दुपारी पळायची हाय ओ ती! आता बसली तर उठत न्हाय!" त्याने गाडीला किक मारली. मग मी मारली. मग आबा वस्तादांनी मारली. घागरीतले पाणी इंजिनात गेले असावे. गाडी शिंकल्यासारखा आवाज करून गप्प बसली. खिडकीत सगळी गल्ली जमली होती.

"शेपटी पिळा!"

"आरं, पेपरवाल्याला पुढं करा, त्यानंच आणलीय!"

आबांनी चंद्राभोवती एक फेरी मारली आणि तिची मांडी पाहिली. "हिला जोड न्हाय," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

दाजी अजून पाटावरच होते. त्यांनी चष्मा पुसला. "एक विचारतो," ते बापूला म्हणाले. "हिला गाडी लागते, की आवाज?"

"आवाज, पावणं. फकस्त आवाज."

दाजी उठले. ओला सदरा नीट केला. आणि बँकेत अधिकारी असलेल्या त्या गृहस्थांनी, सासुरवाडीत, सर्वांसमोर, दोन्ही गाल फुगवून तोंडाने फटफटीचा आवाज काढला. आधी किक. मग इंजिन धरल्याचा गुरगुराट. मग गिअर!

चंद्रा उठली.

"थांबू नका पावणं!" बापू किंचाळला. दाजी थांबले नाहीत. फळीवरून बाहेर, गल्लीतून, किल्ल्याला वळसा घालून (मला हा वळसा दिसला नव्हता), दूधकट्ट्यापर्यंत. पुढे रेशमी कद नेसलेले दाजी, मागे मोरपिसांची म्हैस, तिच्यामागे बापू, आणि सर्वांत मागे गाडी ढकलत मी.

गाडी दुरुस्त झाली, पण चंद्रा आता तिच्याकडे पाहीना. दुपारी बापूने दाजींना मागच्या सीटवर बसवले आणि उलटे तोंड करून आवाज काढायला लावला. चंद्रा इतर सगळ्या म्हशींच्या पुढे पळाली. बापूने स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून दाजींना बांधला. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांचा घसा बसला होता आणि फेटा डोक्यावरच होता.

"तो तुझा खेळ," ते घोगऱ्या आवाजात अक्काला म्हणाले. "त्यात मला कोणाला व्हायला मिळेल?"

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने खोका उघडला.

"पण तक्ता?" मी म्हणालो. "तक्ता तर म्हशीने..."

"बरं झालं," अक्का म्हणाली, आणि चहा गाळता गाळता तिने मुंज्या, हडळ, वेताळ आणि रेडेराक्षस यांचे सगळे आकडे तोंडी सांगितले. चहा निवायच्या आत राक्षस संपले होते.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. आई, दाजी आणि मी भुयारात उतरलो. पहिल्याच खोलीत एक उंदीर होता. त्याचा जीव एक, माझ्या योद्ध्याचा तीन. माझा योद्धा मेला. आई आणि दाजी जेवणाची वेळ टळून गेली तरी भुयारात होते; रेडेराक्षसाला आईने मारले. भाऊबीजेनंतर अक्का पुण्याला गेली, आणि दाजींच्या सांगण्यावरून खोका सोबत घेऊन गेली. पुढच्या दिवाळीला दोघे चार दिवस आधी आले. त्या वेळी मला पुन्हा खेळात घेतले, पण योद्धा म्हणून नाही. मला पहिल्या खोलीतला उंदीर केले.